मधल्या भोकाचा हिशेब: सोलेनॉइडशिवाय टोकामॅक सुरू करण्याचं एक प्रकरण

ड्रॉइंगवर मधोमध २० सेंटिमीटर व्यासाचं एक भोक होतं. त्या भोकात काय काय बसवायचं याची यादी शेजारी पेन्सिलीनं लिहिलेली: तांब्याच्या बारा पट्ट्या, त्यांच्यावर सोलेनॉइड, त्यावर इन्शुलेशन, मग स्टीलची नळी. खाली एक ओळ, 'कृपया दर कळवावा.'

आमचं वर्कशॉप अंबड एमआयडीसीत आहे. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, चोक, वेल्डिंग मशीनच्या कॉइल, मधूनच स्विचगिअरवाल्यांची सटरफटर कामं. नाशिकमध्ये हा धंदा जुना आहे. अंबड-सातपूरच्या गल्लीत हाक मारली तर एखादा तरी वाइंडर बाहेर डोकावेल. पण टोकामॅकच्या मधल्या खांबाची एन्क्वायरी माझ्याकडे कधी आली नव्हती. ती घेऊन आल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फिजिक्सच्या मॅडम आणि त्यांचे दोन विद्यार्थी. बजेट कमी आणि उत्साह भरपूर, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

त्या एन्क्वायरीचं पुढे काय झालं ते इथे लिहितो आहे. आकडे आमच्या कागदावरचे, ढोबळ आहेत. ज्याला चूक दिसेल त्यानं जरूर काढावी. त्यातल्या काही आम्हीच काढल्या.

मामला काय होता

टोकामॅक म्हणजे अणू एकमेकांत जुळवून (फ्यूजन) ऊर्जा मिळवण्यासाठीचं, मेदुवड्याच्या आकाराचं चुंबकी भांडं. वायू इतका तापवायचा की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. असा प्लाझ्मा भिंतीला टेकता कामा नये, म्हणून तो चुंबकी क्षेत्रात अधांतरी धरायचा. क्षेत्र दोन तऱ्हेचं लागतं. एक वड्याच्या गोलाईबरोबर फिरणारं. ते भोकातून उभ्या जाणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या देतात. दुसरं वड्याच्या अंगाला वेढा घालणारं, आणि ते मिळायला खुद्द प्लाझ्मातून करंट वाहावा लागतो. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत १९५० च्या दशकात ही युक्ती उभी राहिली. १९६८ मध्ये रशियनांनी टी-३ या यंत्रातलं तापमान जाहीर केलं, तेव्हा ते पटेना म्हणून १९६९ मध्ये ब्रिटिश मंडळी स्वतःची लेझरची यंत्रणा घेऊन तिकडे गेली. मोजलं तर आकडा खरा निघाला.

प्लाझ्मातून करंट वाहवायचा कसा, इथे आमचा धंदा येतो. भोकात एक लांब उभी कॉइल ठेवायची, म्हणजे सोलेनॉइड. तिच्यातला करंट झपाट्यानं बदलायचा. ती प्रायमरी, आणि प्लाझ्माचं कडं म्हणजे एका टर्नची सेकंडरी. फ्रान्समधल्या इटर यंत्राचा हा सोलेनॉइड सहा मॉड्युलचा आहे, १३ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं माप), आणि बांधणीसकट वजन हजार टनांच्या घरात. अंबडच्या क्रेननं उचलायची ती गोष्ट नव्हे.

मॅडमचं यंत्र त्या जातीचं नव्हतं. मेदुवड्याचं भोक लहान करत नेलं की आकार बिया काढलेल्या सफरचंदासारखा होतो. त्याला गोलाकार टोकामॅक म्हणतात. १९८६ मध्ये पेंग आणि स्ट्रिकलर या दोघांनी या आकाराची बाजू मांडली, आणि १९९१ मध्ये इंग्लंडच्या कल्हॅममध्ये स्टार्ट नावाचं छोटं यंत्र सुरू झालं. चुंबकाच्या दाबाच्या तुलनेत प्लाझ्माचा किती दाब सांभाळता येतो, हा या क्षेत्रातला कळीचा आकडा. स्टार्टनं तो ४० टक्क्यांपर्यंत नेला. नेहमीच्या आकाराची यंत्रं याच्या बरीच खाली असतात. थोडक्यात, चुंबकाच्या पैशाला जास्त प्लाझ्मा. किंमत मोजायची ती भोकात.

ड्रॉइंगप्रमाणे प्लाझ्माच्या कड्याची त्रिज्या ३० सेंटिमीटर, त्याच्या अंगाची निम्मी जाडी २०. तिसातून वीस गेले की दहा उरतात. स्टीलची नळी आणि मोकळी फट यांचे दोन काढले की मला कामाला मिळाली ८ सेंटिमीटर त्रिज्या. यात तांबं, यातच सोलेनॉइड.

पहिला हिशेब, जो चुकला

प्लाझ्माच्या कड्याच्या मधोमध, म्हणजे ३० सेंटिमीटरवर, ०.१५ टेस्ला क्षेत्र हवं होतं. त्याला भोकातून एकूण २२५ किलोअँपिअर जायला हवेत. ट्रान्सफॉर्मरच्या तांब्यात आम्ही चौरस मिलिमीटरला तीनेक अँपिअर धरतो. हाताला तीच सवय. २२५ हजार भागिले तीन, म्हणजे ७५० चौरस सेंटिमीटर तांबं. नुसत्या त्या तांब्याची त्रिज्या साडेपंधरा सेंटिमीटर झाली. भोक दहाचं!

मी मॅडमना फोन करून सांगितलं, की सोलेनॉइड राहू द्या, तुमच्या पट्ट्यासुद्धा बसत नाहीत.

त्या हसल्या आणि विचारलं, "किती वेळासाठी धरलंत?"

मी कायमचं धरलं होतं. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मर पंचवीस वर्षं चालतो. त्यांना हवे होते १०० मिलिसेकंद. परत बसलो. चौरस मिलिमीटरला ५० अँपिअर, १०० मिलिसेकंद: तांबं तापतं सव्वा अंश. सव्वा! चहाचा कप टेबलावर ठेवला तर टेबल त्याहून जास्त तापतं. या हिशेबानं पट्ट्यांना ४५ चौरस सेंटिमीटर पुरतात, मधल्या इन्शुलेशनसकट त्रिज्या ४.३. म्हणजे सोलेनॉइडला जागा उरली.

ही चूक मी मुद्दाम लिहिली आहे, कारण या प्रकरणाची किल्ली तिच्यातच आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

शेततळ्यातलं पाणी

सोलेनॉइडची ताकद व्होल्टमध्ये मोजून उपयोग नसतो, व्होल्ट-सेकंदांत मोजावी लागते. एका व्होल्ट-सेकंदाला वेबर म्हणतात. दिंडोरी-पिंपळगावकडच्या वाचकांसाठी सांगतो: सोलेनॉइड हे शेततळं आहे, विहीर नव्हे. जेवढं भरलंय तेवढंच वापरायला मिळणार. पाणी जोरात सोडा की बारीक सोडा, तळं एकदा रिकामं झालं की खेळ संपला. झरा खालून येत नाही.

आमच्या तळ्याची मापं अशी. दीड सेंटिमीटर जाडीचं वाइंडिंग, सरासरी त्रिज्या साडेसहा, तांब्यात तेच ५० अँपिअर, भरणी ७० टक्के. आतलं क्षेत्र येतं ०.६६ टेस्ला. उलट्या दिशेनं पूर्ण भरून सुलट्या दिशेला पूर्ण नेलं, तर एकूण फ्लक्स, म्हणजे तळ्यातलं पाणी, १७.५ मिलिवेबर.

आता मागणी. प्लाझ्मात ५० किलोअँपिअर हवे होते. त्या कड्याची इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) साधारण ०.३२ मायक्रोहेन्री, तिला १६ मिलिवेबर. चढताना प्लाझ्माच्या रोधात सातेक जळणार. झाले २३. वर तो करंट २० मिलिसेकंद टिकवायचा, लूपला, म्हणजे कड्याच्या एका फेऱ्याला, दीड व्होल्ट धरला तर आणखी ३०. एकूण ५३. बाहेरच्या उभ्या क्षेत्राच्या कॉइल यातला काही वाटा उचलतात, तो मी धरला नाही. धरला असता तरी १७ चे ५३ होत नव्हते.

याच सुमारास आप्पांनी ड्रॉइंग पाहिलं. आप्पा आमचे सगळ्यात जुने वाइंडर. शाळा सातवीपर्यंत, पण कॉइल हातात घेऊन टर्न सांगतात. त्यांनी स्टीलच्या नळीवर बोट ठेवलं. "भाऊ, ही नळी सोलेनॉइडच्या बाहेरून सगळीकडून बंद आहे ना? मग ही शॉर्ट टर्न झाली."

खरंच होती. आणि हे मला दिसायला हवं होतं, मॅडमना नव्हे. दोन मिलिमीटर जाडीची, मीटरभर उंचीची स्टेनलेस नळी म्हणजे ०.२ मिलिओहमचं बंद कडं. लूपला ३ व्होल्ट दिले की पहिल्यांदा नळीतच १५ किलोअँपिअर धावणार. प्लाझ्मा अजून जन्मलाही नाही आणि त्याच्या वाट्याचं खाणारा घरात तयार! नुकसान एवढंच नाही. सुरुवातीला वायू फुटून प्लाझ्मा व्हायचा तर इलेक्ट्रॉनला भिंतीवर न आपटता लांबवर धावता आलं पाहिजे, म्हणून आडवंतिडवं भटकं क्षेत्र अगदी कमी लागतं. नेहमी वापरतात त्या ठोकताळ्यानं आमच्या यंत्रात ही मर्यादा २.४ गॉस येते (दहा हजार गॉस म्हणजे एक टेस्ला). पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्रच ०.४ गॉसच्या आसपास असतं. नळीतल्या त्या करंटचे जवळपास दोन गॉस बाहेर सांडत होते, आणि खुद्द सोलेनॉइड पूर्ण भरलेला असताना त्याचे ३५. ते मारायला बाहेरून आणखी कॉइल, त्यांना वेगळा पुरवठा.

पट्ट्यांचं बंडल आवळायला मी स्टीलची कडी दाखवली होती. त्यासुद्धा शॉर्ट टर्नच. आप्पांनी त्या खोडून 'काचेची टेप' असं लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या कामाला गेले.

मग बसतोच की

इथपर्यंतचा निष्कर्ष सोपा होता: सोलेनॉइड बसत नाही, म्हणून सोलेनॉइडशिवाय सुरू करा. मॅडमचा एक विद्यार्थी मात्र तयार नव्हता. त्यानं विचारलं, "सर, तांब्यात ५० च का? १५० का नाही?"

मी करून बघितलं. १५० अँपिअरला फ्लक्स तिप्पट, ५२.५. मागणी ५३. तापमान १०० मिलिसेकंदांत ११ अंश वाढतं. काही बिघडत नाही. आतलं क्षेत्र दोन टेस्लाच्या आसपास, त्याचा दाब वाइंडिंगला सहज पेलतो. पुरवठा मोठा लागेल, पण अशक्य नाही. पोरानं बरोबर पकडलं होतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या पेगासस यंत्रात असाच बारीक, जबर ताणाचा सोलेनॉइड कितीतरी वर्षं वापरला गेला.

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये थोडा वेळ शांतता होती. मग मॅडम जे बोलल्या त्यानं मामला फिरला. त्या म्हणाल्या, बसतो, पण थोड्या वेळापुरता बसतो. आपलं यंत्र दहावा हिस्सा सेकंद चालणार, म्हणून तांब्याला सगळं माफ आहे. वीज बनवणारं यंत्र महिनोन्‌महिने चालायला हवं. तिथे तुमचा तीन अँपिअरवाला हिशेबच जास्त जवळचा आहे.

आणि तिथे न्यूट्रॉन आहेत. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपं जुळताना १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. चुंबकी क्षेत्राला तो जुमानत नाही, थेट मधल्या खांबात घुसतो. आपलं इपॉक्सी, आपली काचेची टेप, या माऱ्यात टिकत नाही. सुपरकंडक्टर वापरायचा तर त्याच्यापुढे जाड ढाल हवी. ढाल बसवायची कुठे? त्याच भोकात. मोठ्या वड्याच्या यंत्रात ही सगळी मंडळी दाटीवाटीनं मावतात. सफरचंदात नाही मावत.

शिवाय ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालत नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. शेततळं रिकामं झालं की प्लाझ्माचा करंट दुसऱ्या कशानं तरी टिकवावाच लागतो: वेगवान अणूंचे झोत, रेडिओलहरी, आणि प्लाझ्माच्या स्वतःच्या दाबातून आपोआप उपजणारा करंट, ज्याचं भाकीत १९७१ मध्येच झालं होतं. म्हणजे अशा यंत्रात सोलेनॉइडचं काम फक्त सुरुवातीचं. नंतर तो नुसता बसून राहणार, आणि बसणार सगळ्यात महाग जागेवर.

आप्पांनी हे ऐकून विचारलं, "म्हणजे तपोवनातलं साधुग्राम?" बारा वर्षांतून एकदा लागणारी जागा, कायमची राखीव. फरक एवढाच की सिंहस्थ दर बारा वर्षांनी परत येतो. अणुभट्टीची सुरुवात झाली की झाली.

म्हणून प्रश्न 'बसतो का' हा नव्हताच. आपलं खेळण्याएवढं यंत्र कुठल्या मोठ्या यंत्राबद्दल शिकवणार आहे, हा होता. सोलेनॉइड घातला तर ५० किलोअँपिअर मिळतील, पण उद्याच्या यंत्राला ज्या वाटेनं जाताच येणार नाही त्याच वाटेचा सराव होईल.

बाकीच्या वाटा

पुढचे तीन-चार शनिवार आम्ही दुसऱ्यांनी काय केलं ते वाचण्यात घालवले. मॅडम सांगायच्या, मी 'हे इथे बनेल का' या नजरेनं ऐकायचो.

एक वाट कल्हॅमची. भांड्याच्या आतच वर-खाली दोन कॉइल. त्यांच्याभोवती प्लाझ्माची दोन कडी बनवायची आणि मध्यावर आणून एकमेकांत विलीन करायची. स्टार्ट, त्यानंतरचं मास्ट, आणि ऑक्सफर्डजवळचं एसटी-४० ही यंत्रं अशी सुरू झाली. करंट शेकडो किलोअँपिअरपर्यंत जातो, विलीन होताना आयन (इलेक्ट्रॉन सुटलेले अणू) तापतातही. पण कॉइल प्लाझ्माशेजारी, भांड्याच्या आत. न्यूट्रॉन आले की त्यांचंही तेच होणार. शिवाय निर्वात जागेत कॉइल बांधून तिचे टोक बाहेर काढायचे, हे काम मी अंगावर घेणार नव्हतो.

दुसरी वाट मला मनापासून आवडली, आणि ती समजायला एक मराठी म्हण पुरली. प्लाझ्माच्या कडेला छोट्या विजेच्या तोफा ठेवतात. त्या चुंबकी रेषांवरून करंटचा झोत सोडतात. रेषा मळसूत्रासारख्या असल्यानं झोत भोवती गुंडाळत जातो, त्याचे वेढे एकमेकांत गुंततात, मोडतात, आणि त्या गोंधळातून टोकामॅकचं नीट कडं उभं राहतं. असं का व्हावं? १९७४ मध्ये जे. बी. टेलर यांनी उत्तर दिलं: खळबळीत प्लाझ्माची ऊर्जा भराभर उडते, पण चुंबकी रेषांचा एकमेकींना बसलेला पीळ जवळपास तसाच राहतो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही! म्हणून बाहेरून पीळ भरत राहायचा. प्लाझ्मा तो पोटात घेऊन स्वतःच करंट वाढवतो. पेगाससवर या रीतीनं ०.२ मेगाअँपिअरपर्यंत मजल गेली. मग त्यांनी सोलेनॉइड काढूनच टाकला, मधला खांब नव्यानं तांब्यानं भरला, आणि क्षेत्र ०.१५ वरून ०.६ टेस्लावर नेलं. नाव ठेवलं पेगासस-३. हाच पीळ भांड्याच्या तळाशी दोन इलेक्ट्रोडमध्ये व्होल्टेज देऊनही भरता येतो; प्रिन्स्टनच्या एनएसटीएक्समध्ये त्यातून १६० किलोअँपिअरचं बंद कडं मिळालं.

हे आम्ही आमच्या मापाला लावून बघितलं. चार चौरस सेंटिमीटरची तोफ, ८०० व्होल्ट: तिचा परिणाम लूपला दीड व्होल्ट दिल्यासारखा. म्हणजे सोलेनॉइडनं जे करायचं तेच. पण तोफांना पाचेक किलोअँपिअर हवेत. पाच हजार गुणिले आठशे, ४ मेगावॅट. वीस मिलिसेकंदांसाठी एकूण ८० किलोज्यूल, म्हणजे एका युनिटचा चाळिसावा भागसुद्धा धड नाही. वीज फुकट, घाई महाग. त्या घाईसाठी कपॅसिटरची जी बँक लागते ती एखाद्या चुकीच्या हाताला आयुष्यात एकदाच शिकवते. कॉलेजच्या लॅबमध्ये ती नको, यावर मॅडमचं आणि माझं पहिल्याच मिनिटात एकमत झालं. तोफांच्या तोंडातून झिजून येणारी घाण प्लाझ्मा थंड करते, हेही होतंच.

तिसरी वाट सूक्ष्मलहरींची, आणि ती सगळ्यात शांत. चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन ठरावीक वेगानं घिरट्या घालतो: एका टेस्लाला सेकंदाला २८ अब्ज. तेवढ्याच वारंवारतेची लहर सोडली की तो ऊर्जा घेत जातो, झोपाळ्याला तालावर झोका द्यावा तसा. त्यात थोडंसं उभं क्षेत्र मिसळलं की इलेक्ट्रॉनांच्या वाहण्यात एकतर्फीपणा येतो आणि करंट दिसू लागतो. त्या करंटचं स्वतःचं क्षेत्र बाहेरच्या उभ्या क्षेत्रावर मात करतं त्या क्षणी रेषा मिटून बंद कडं होतं, आणि करंट एकदम उडी मारतो. क्योटोच्या लेट यंत्रात हे नीट दाखवलं गेलं, क्यूशूच्या क्वेस्टमध्ये आणि मास्टमध्ये २८ गिगाहर्ट्झच्या लहरींनी पुढे नेलं. मास्टमध्ये ७३ किलोअँपिअर. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या एसएसटी-१ मध्ये सोलेनॉइड आहे, पण तिथेही सुरुवातीला मदतीला ४२ गिगाहर्ट्झच्या लहरी असतात.

या वाटेची खोट अशी की प्लाझ्मा दाट झाला की लहर आत शिरत नाही, आरशावरून परतावी तशी परतते. मग तिचं रूप पालटून आत घुसवायच्या युक्त्या कराव्या लागतात.

एक गोष्ट तिन्ही वाटांना लागू आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तीच. मोटारीच्या पाइपात पाणी भरून ती चालू करतात, तशी ही नुसती पाइप भरणी आहे. मोटारीनं पुढे पाणी धरलं पाहिजे. वेगवान अणूंचे झोत आत टिकायला पुरेसा करंट आधीपासून हवा, आणि प्लाझ्मा थंड असेल तर लहरींचा करंट वाढत नाही. शंभर-दोनशे किलोअँपिअर उभे करणं जमलं आहे. तिथून मेगाअँपिअरपर्यंत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती न सांडता देणं, तिथे काम बाकी आहे. जाहिरातीत पहिला आकडाच दिसतो.

काय ठरलं

सूक्ष्मलहरी म्हटल्यावर दुसऱ्या विद्यार्थ्यानं घरगुती ओव्हनचा मॅग्नेट्रॉन काढला. २.४५ गिगाहर्ट्झ, आठेकशे वॅट, कुठेही मिळतो. हिशेब केला तर या वारंवारतेला ०.०८७५ टेस्ला लागतो. आमच्या ०.१५ टेस्लाच्या आराखड्यात तेवढं क्षेत्र मध्यापासून ५१ सेंटिमीटरवर येत होतं, आणि प्लाझ्माची बाहेरची कड ५० वर संपत होती. लहर प्लाझ्माबाहेर भिंतीजवळच ऊर्जा टाकून आली असती.

म्हणून क्षेत्रच खाली आणलं. मधोमध ०.०८७५ टेस्ला, एकूण १३१ किलोअँपिअर, बारा पट्ट्यांत प्रत्येकी ११. आणि सोलेनॉइड गेल्यानं साडेसात सेंटिमीटर त्रिज्येपर्यंत सगळं तांबं. चौरस मिलिमीटरला पडतात ९.३ अँपिअर.

हा आकडा बघून मला बरं वाटलं. हाताच्या सवयीच्या जवळचा होता. पहिल्या आराखड्यात मधला खांब २३० किलोवॅट खात होता. आता २५. तांबं सेकंदाला अर्धा अंशसुद्धा तापत नाही, म्हणजे १०० मिलिसेकंदांऐवजी दहा सेकंद चालवलं तरी चालतं. मोठ्या प्रयोगशाळांनी मोकळी झालेली जागा क्षेत्र वाढवायला वापरली. आमच्याकडे वीज कमी, म्हणून आम्ही ती वेळ वाढवायला वापरली.

५० किलोअँपिअरचं स्वप्न अर्थातच गेलं. आता एक किलोअँपिअर दिसला तरी मॅडम पेढे वाटणार आहेत. एका किलोअँपिअरचं स्वतःचं क्षेत्र प्लाझ्माच्या कडेला १० गॉस, म्हणून बाहेरचं उभं क्षेत्र त्याच्या आत राखायचं, आणि ते हळूहळू चढवून बाहेरूनच थोडा लूप व्होल्टेजही द्यायचा. विद्यार्थ्यांनी गॉसमीटर घेऊन लॅब फिरून पाहिली. लोखंडी खांबाजवळ काटा नको तितका हलला, तेव्हा जागा खोलीच्या मध्यावर सरकली. मॅग्नेट्रॉनचा मूळ पुरवठा आम्ही नाकारला. तो वीस मिलिसेकंदांत एकदाच, अर्धा वेळ पेटतो. प्लाझ्मा दर सायकलला मेला असता. त्याला सपाट डीसी पुरवठा लागेल. त्यात चार हजार व्होल्ट असतात, तेव्हा घरचा ओव्हन उघडून बसायचा विचार वाचणाऱ्यांपैकी कुणी करत असेल तर करू नये.

नळीची शॉर्ट टर्न सोलेनॉइड नसतानाही राहतेच, कारण उभं क्षेत्र चढवताना तिच्यातही करंट येतो. अर्धा व्होल्ट धरला तरी अडीच किलोअँपिअर. मात्र आता घाई नसल्यानं चढ संथ ठेवता येतो, आणि नळी दोनऐवजी एक मिलिमीटरची केली.

दुसरं कोटेशन गेलं आणि मंजूर झालं: पट्ट्यांचं बंडल, उभ्या क्षेत्राच्या दोन जोड्या, सोलेनॉइड शून्य. बंडल आप्पांनी पावसाळा संपता संपता बांधलं. पट्टी-पट्टीमधली हाय-पॉट टेस्ट (जास्त व्होल्टेज देऊन इन्शुलेशनची तपासणी) पास झाली, बाहेरून काचेची टेप. निर्वात भांडं वाइनच्या टाक्या बनवणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडे दिलं. स्टेनलेसच्या जोडात नाशिकमध्ये त्यांच्याइतका हात कुणाचा नाही. टाकीतून वाइन बाहेर येत नाही याची त्याला खात्री असते. हवा आत जात नाही, ही खात्री वेगळीच निघाली. हेलियम लावून तपासलं तेव्हा खालच्या फ्लँजच्या जोडात दोन जागी गळती सापडली. वेल्ड बाहेरून मारला होता, आत बारीक फट राहिली होती. भांडं आतून वेल्ड करायला परत गेलं आहे. बंडल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आमच्या स्टोअरमध्ये उभं आहे, आणि त्याला टेकून कुणी सायकल लावू नये म्हणून आप्पांनी भोवती दोरी बांधली आहे.